तोडायचं किती, चावायचं किती

ताई कवळ्या करायच्या. दातांच्या दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. ताई त्यात प्लास्टर ओतून साचे काढायच्या, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवायच्या आणि शेवटी गुलाबी, चकचकीत कवळी डबीत घालून दवाखान्यात पाठवायच्या. घराच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या दोन खोल्यांत हे काम चालायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी लांब टेबल होतं. त्यावर दिवा, मेण वितळवायची चिमणी, चिमटे, सुऱ्या आणि दातांच्या पट्ट्या. आतल्या खोलीत पॉलिशचं यंत्र होतं. ते सुरू झालं की वरच्या बिऱ्हाडाचा रेडिओ खरखरायचा, पण वरच्या आजोबांची कवळी ताईंनीच केलेली असल्यामुळे ते तक्रार करत नसत.

ताईंचा हात बसलेला होता. जीभ मात्र हाताबाहेरची. 'हो' हा शब्द तिच्यावर असा टपून बसलेला असायचा की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उडी मारून मोकळा व्हायचा. नवरा शाळेची बस चालवायचा. तो एकदा म्हणाला होता, "तू रोज आरशासमोर उभी राहून 'नाही' म्हणायची सवय कर."

"हो, करते," ताई म्हणाल्या होत्या.

त्या आठवड्यात या 'हो'चं चांगलंच पीक आलं होतं. वृद्धाश्रमातल्या गायनमंडळाचा रविवारी कार्यक्रम होता. ते मंडळ चालवणारे मास्तर स्वतः येऊन सांगून गेले होते, "ताई, आमच्या निम्म्या गायकांच्या कवळ्या सैल झाल्यात. 'स' म्हणायला गेलं की शिट्टी वाजते. परवा तालमीला दारात कुत्री जमली." हिरड्या झिजल्या की कवळी हलायला लागते, तिला आतून नवं अस्तर द्यावं लागतं. किचकट काम. ताईंनी हो म्हटलं. शाळेच्या नाटकातल्या लांडग्याला सुळे हवे होते. ताईंनी हो म्हटलं. नणंद नव्या घरी राहायला जाणार होती, शनिवारी सामान बांधायला कोण येणार, तर ताई. दवाखान्याचं रोजचं काम होतंच. शिवाय एका बाईंच्या पुढच्या दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसवायची दातांची जोडणी, अर्धवट राहिला होता.

आणि घरात सासरे होते. त्यांची जुनी कवळी तडकली होती आणि नवी कधीची मेणातच अडकून पडली होती. दर वेळी कुणाची तरी घाई मधे यायची. सासरे आयुष्यभर सुतारकाम केलेले, स्वभावाने मिस्कील. सूपमध्ये पाव बुडवून खाता खाता ते म्हणायचे, "दिव्याखाली अंधार ऐकून होतो. कवळीवालीच्या घरात बोळकं, हे आता बघतोय."

"बाबा, या आठवड्यात नक्की."

"या म्हणजे कुठल्या, तेवढं सांग. मी काही कुठे पळून जात नाही."

दवाखान्यातले जुने डॉक्टर नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी तिशीतल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, हसऱ्या, चटपटीत. त्या लहानपणापासून लांब कुठेतरी वाढल्या होत्या. इंग्रजी फाडफाड, मराठी जेमतेम. ताईंचं इंग्रजी म्हणजे सगळं दातांचं इंग्रजी. बाइट, च्यू, क्राउन, ब्रिज, अपर, लोअर. हिरडीच्या पलीकडे ते पाऊल टाकत नसे. पण कामाला तेवढं पुरायचं आणि दोघींचं चांगलं जमायचं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ताईंचे दोन्ही हात मेणात होते. फोन गाल आणि खांदा यांच्यात धरून त्या म्हणाल्या, "अगं, थांब जरा, हात माखलेत माझे." त्यांना वाटलं नणंद असेल. खोक्यांपायी तिचे फोन सारखे चालू होते. पलीकडून "हॅलो ताई, गुड मॉर्निंग" असा आवाज आला आणि ताई एकदम ताठ बसल्या. डॉक्टरीणबाई होत्या.

त्यांना ब्रिजचं विचारायचं होतं. ताईंनी आपल्या परीने सांगितलं की ब्रिज होतोय, पण आश्रमाच्या कवळ्याही आहेत, त्यांचं गाणं रविवारी आहे, शिवाय लांडग्याचे दात आहेत, आणि नणंदेचं घर. "लांडगा" कळेना म्हणून त्यांनी फोनवरच थोडं ओरडून दाखवलं. डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आय थिंक यू हॅव बिटन ऑफ मोअर दॅन यू कॅन च्यू."

"येस डॉक्टर," ताई म्हणाल्या. हो म्हणायची सवय इंग्रजीतही होतीच.

फोन ठेवला आणि त्या विचारात पडल्या. वाक्यातले दोन शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचे होते. बाइट म्हणजे पुढच्या दातांनी तोडणं. च्यू म्हणजे दाढांनी चावणं. तोडणं जास्त, चावणं कमी. म्हणजे कुणाच्या तरी कवळीत पुढचे दात आधी टेकतायत आणि दाढा एकमेकींना भेटतच नाहीयेत. कवळी करणाऱ्याला यापेक्षा वाईट बातमी नाही. अशी कवळी फोटोत छान दिसते आणि जेवणात दगा देते. पण कुणाची? सोमवारी आश्रमातल्या कवळ्यांची पहिली खेप अस्तर देऊन गेली होती. तीच असणार. डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या, म्हणून हसत हसत सांगितलं. जुने डॉक्टर असते तर डबी टेबलावर आपटली असती.

ताईंनी चिमणी विझवली, पिशवीत किलोभर गाजरं, काकड्या आणि सफरचंदं घातली आणि आश्रम गाठला.

आश्रमाच्या जेवणाच्या खोलीत तालीम चालली होती. मास्तर हातातल्या पेन्सिलीने ताल देत होते. ताई आत शिरल्या आणि म्हणाल्या, "गाणं थोडं थांबवा. सोमवारी ज्यांच्या ज्यांच्या कवळ्या आल्या, त्यांनी माझ्यासमोर बसून चावून दाखवायचं."

"काय चावायचं?" एका आजींनी विचारलं. या आजी पूर्वी टेलिफोन ऑफिसात होत्या, आवाज अजून घंटेसारखा. सगळे त्यांना टेलिफोनबाईच म्हणायचे.

"हे," असं म्हणून ताईंनी गाजर पुढे केलं.

मंडळींनी खुर्च्या ओढून रांग केली. ताई एकेकाच्या गालाशी कान नेऊन ऐकू लागल्या. दाढा नीट भेटत असल्या की आवाज भरीव येतो, नसल्या तर पोकळ. आधी टेलिफोनबाईंनी गाजर मोडलं. कडाड. मग शेजारच्यांनी. मग ज्यांची कवळी नव्हती आणि ज्यांचे दात स्वतःचे होते, त्यांनीही मागे राहायला नको म्हणून एकेक तुकडा उचलला. थोड्याच वेळात खोलीत तबेल्यासारखा आवाज येऊ लागला. एक आजोबा म्हणाले, "मास्तर, गाण्याचं राहू द्या. रविवारी हेच करू, लोकांना जास्त आवडेल." यावर टेलिफोनबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आश्रमाच्या स्वयंपाकीणबाई आवाज ऐकून दारात आल्या, आणि एवढी कच्ची गाजरं खपताना बघून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या सूपमधली गाजरं काढून ठेवता रोज. आता कशी खाताय?"

एकही कवळी चुकत नव्हती. सगळ्यांच्या दाढा भक्कम. ताईंना बरंही वाटलं आणि कोडंही पडलं. तेवढ्यात टेलिफोनबाईंनी चष्म्याची सुटलेली काडी पुढे केली, "तुमच्याकडे बारीक पेचकस असेल ना?" ताई हो म्हणाल्या. कुणीतरी वरच्या खोलीतलं शिलाई मशीन अडकल्याचं सांगितलं. ताई त्यालाही हो म्हणाल्या.

निघताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे, पण इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की तो तासही त्यांच्याच गळ्यात पडायचा. ताईंनी ते वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं. मास्तरांनी दोनदा म्हणायला लावलं, डोळे मिटले आणि बोटाने तळहातावर शब्द मांडले.

"कवळीचा काही संबंध नाही, ताई. शब्दशः बघितलं तर, चावता येईल त्याहून मोठा घास तुम्ही तोंडात घेतलात, असं होतं."

"मी? मी तर सकाळपासून काही खाल्लंही नाही."

"तसं नव्हे. ती म्हण असणार. आपल्याकडे नाही का, लहान तोंडी मोठा..." एवढं म्हणून मास्तरांनी जीभ चावली. नव्या अस्तराची घट्ट कवळी, ती चांगलीच चावली गेली.

"लहान तोंडी मोठा घास?" ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आगाऊपणा केला? पायरी सोडून बोलले?"

"मी आपलं शब्दावरून म्हटलं," मास्तर तोंडावर रुमाल धरून म्हणाले. पण बाण सुटला होता.

घरी येईपर्यंत ताईंनी रस्ताभर आठवून पाहिलं, आपण डॉक्टरीणबाईंना काय लागेल असं बोललो. आणि दाराची कडी काढता काढता त्यांना आठवलं. 'अगं, थांब जरा.' नवी ओळख, एवढ्या शिकलेल्या डॉक्टर, आणि आपण सरळ अगंवर आलो. तेही थांब म्हणून.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "त्या बाई तशा वाटत नाहीत. त्यांच्या गाडीला मी परवा बस आडवी घातली, तर मलाच सॉरी म्हणाल्या."

"मोठी माणसं तोंडावर गोडच बोलतात."

सासऱ्यांनी सूपचा चमचा खाली ठेवला. "मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला अहोजाहो केलं. तरी एकजण मला शेवटपर्यंत अरेतुरे करत राहिला. मी त्याला कपाट करून दिलं आणि त्याचं एक दार रोज कुरकुरेल असं बसवलं. तेवढं केलं की माणसाला झोप लागते. तू उद्या जा आणि माफी माग. त्यांनी अजून तुझं दार कुरकुरतं केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई एका पेशंटवर काम करत होत्या. खुर्चीत आडवे झालेले गृहस्थ ताईंच्या ओळखीचे निघाले. कोर्टात दुभाष्याचं काम करायचे. त्यांच्या आईची कवळी ताईंनीच केली होती. आत्ता त्यांच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे होते आणि ओठाला नळी लावलेली होती.

"ताई, या, या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ब्रिज?"

ताईंनी रस्त्यात पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "डॉक्टर, माझी चूक झाली. आपण मोठ्या आहात, शिकलेल्या आहात. माझ्याकडून चुकून अगं गेलं. आपण मनावर घेऊ नये."

"चूक? ब्रिज चूक झाला?"

"ब्रिज नाही. अगं."

"अगं? व्हॉट इज अगं?"

खुर्चीतून "आँ, आँ" असा आवाज आला. दुभाष्यांनी हात वर केला होता.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही. "मग प्लीज, हलू नका." ते बिचारे छताकडे बघत राहिले.

"तुम्ही काल म्हणालात ना," ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाइट मोअर, च्यू... म्हणजे लहान तोंडी मोठा घास. मी तशी नाही हो डॉक्टर. मी लहान तोंडी बोलणारी बाई नाही."

डॉक्टरीणबाईंना त्यातलं बाइट आणि च्यू एवढंच कळलं. पण ताईंच्या डोळ्यांतलं पाणी कळायला भाषा लागत नव्हती. त्या घाबरल्याच. "नो, नो, ताई. नॉट बॅड. वाईट नाही." दुभाषे पुन्हा "आँ" करू लागले. आता त्यांचे दोन्ही हात हवेत होते. एकाने ते ताईंना थांबवत होते आणि दुसऱ्याने डॉक्टरांना. पण कापूस काढता येण्यासारखा नव्हता, दातात भरलेलं सिमेंट अजून वाळत होतं.

मग डॉक्टरीणबाईंना एक युक्ती सुचली. कपाटावर जबड्याचा एक मोठा नमुना होता, दात कसे घासायचे ते लहान मुलांना दाखवण्यासाठी ठेवलेला. त्यांनी तो टेबलावर मांडला, त्याचा आ वासला आणि कापसाचा डबा घेतला. एक मोठा बोळा जबड्यात ठेवला. "हे, ब्रिज." दुसरा ठेवला. "हे, आश्रम. गाणं." तिसरा बोळा ठेवताना त्या कालच्या ताईंसारख्या बारीक आवाजात ओरडल्या, म्हणजे तो लांडगा. चौथा नणंदेचा. जबडा गच्च भरला. डॉक्टरीणबाईंनी वरून दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. तो मिटेना. आतला कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आला. मग त्यांनी त्या जबड्याकडे बोट दाखवलं, ताईंकडे दाखवलं, आणि काळजीने म्हणाल्या, "ताई. दमतील. तुम्ही दमतील."

ताई त्या जबड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडतायत, पण खांदे हसण्याने हलत होते. डॉक्टरीणबाईंनाही हसू फुटलं. खुर्चीतल्या गृहस्थांना हसताही येईना, त्यांच्या नुसत्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

कापूस निघाल्यावर ते आधी दोन्ही गाल चोळत बसले. मग म्हणाले, "ताई, झेपणार नाही एवढं अंगावर घेतलंत, एवढाच त्याचा अर्थ. त्यात लहान तोंड नाही, आगाऊपणा नाही, काही नाही. दोन्हीकडे घासच आहे म्हणून घोटाळा झाला. तिकडचा घास कामाचा असतो, आपला बोलण्याचा. इतकी वर्षं कोर्टात दुभाषा आहे मी, पण उत्तर तोंडात असून असा मुका कधी बसलो नव्हतो."

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना अगं म्हणजे काय ते सांगितलं. बहिणीला म्हणतात, मैत्रिणीला म्हणतात, जिच्याशी आपलं जमतं तिला म्हणतात. डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. "मग मला म्हणा. अगं म्हणा."

"हळूहळू म्हणेन," ताई म्हणाल्या. एवढं त्यांना तिथल्या तिथे जमण्यासारखं नव्हतं.

दवाखान्यातून त्या तरंगतच बाहेर पडल्या. आपल्यावर कुणी रागावलेलं नाही, यासारखं सुख नाही. कोपऱ्यापर्यंत त्या त्या सुखातच होत्या. कोपरा वळल्यावर त्यांना तो गच्च भरलेला जबडा पुन्हा दिसला आणि मग कुठे लक्षात आलं की रागाने म्हटलं नसलं, तरी म्हटलं ते खरंच होतं. आणि त्या जबड्यात सासऱ्यांच्या कवळीचा बोळा तर कुणी घातलाच नव्हता. चष्म्याची काडी आणि शिलाई मशीनही बाहेरच होतं.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, फोन घेतला आणि आधी नणंदेला लावला.

"अगं, ऐक. शनिवारी मला नाही जमणार यायला."

ताईंनी डोळे मिटून घेतले.

"वहिनी," नणंद सावकाश म्हणाली, "राग नको मानूस. मागच्या वेळी तू सामान बांधलंस ना, तर कात्री आम्हाला गादीच्या खोळीत सापडली आणि चहाची गाळणी बुटात. तुला कसं सांगावं हेच कळत नव्हतं. मी माणसं ठरवलीत. तू सगळं लागल्यावर ये, नुसती बसायला."

ताईंनी फोन खाली ठेवला. नाही म्हटलं आणि काहीच कोसळलं नाही. उलट समोरचं माणूस सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांना हुरूपच आला. आश्रमात फोन करून त्या म्हणाल्या, चष्म्याची काडी बसवून देते, पण शिलाई मशीन मला येत नाही, खरं म्हणजे मला मशीनमधलं काहीच कळत नाही. "मग हो का म्हणालात?" असं तिकडून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तेच तर आता शिकतेय." डॉक्टरीणबाईंनी ब्रिजला पुढचा आठवडा आपणहूनच दिला होता. उरला लांडगा.

त्यांनी शाळेचा नंबर काढला, तेवढ्यात सासरे म्हणाले, "लांडग्याला नाही म्हणू नकोस."

"बाबा, प्लास्टर, मेण, रंग, सगळं करायचं तर..."

"प्लास्टर कशाला? हलकं लाकूड आहे की माळ्यावर. सुळेच ना? आयुष्यभर पलंगाचे पाय कोरले मी. हे त्याचेच धाकटे भाऊ." त्यांचे डोळे चमकत होते. निवृत्त झाल्यापासून ते दुपारभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चपला बघायचे. त्यांना कुणी काम विचारलंच नव्हतं. ताईंच्याही ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

"करा," ताई म्हणाल्या. "पण आधी इथे बसा. दिव्याखाली. आ करा."

"मला घाई नाही."

"मला आहे."

त्या दिवशी बाकी सगळं बाजूला राहिलं. मेणातली कवळी सासऱ्यांच्या तोंडात बसवून बघितली, एक सुळा थोडा आत घेतला, पुन्हा बसवली. सासऱ्यांचे स्वतःचे पुढचे दोन दात पूर्वी किंचित एकमेकांवर चढलेले होते. लग्नाच्या फोटोत ते दिसायचे. ताईंनी तसेच बसवले. नवरा कामावरून आला तेव्हा बापाकडे बघून दारातच थांबला. "बाबा, तुम्ही बाबांसारखे दिसताय," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळेना.

गुरुवारी पक्की कवळी तोंडात आली. सासऱ्यांनी आधी सफरचंद खाल्लं, मग खारे दाणे, मग काही नाही तर बडीशेप. दिवसभर 'स'चे शब्द शोधून शोधून म्हणत होते. सुतार, सून, साळसूद, सरसकट. त्याच खुशीत आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसून त्यांनी लांडग्याचे सुळे कोरले, बाकदार, टोकाला गोल, आणि लांडगा होणाऱ्या मुलाच्या दातांवर नीट बसतील असे. ताई शेजारी आश्रमाच्या कवळ्यांना अस्तर देत होत्या. लाकडाचा भुसा आणि गुलाबी भुकटी एकाच फरशीवर पडत होती, आणि झाडायचं कुणी यावर दोनदा पैज लागली, तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही वेळा हरल्याचं सोंग केलं.

शुक्रवारी शाळेत लांडगा पहिल्यांदा तोंड उघडून हसला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं किंचाळत मागच्या रांगेत गेली आणि लगेच पुन्हा बघायला पुढे आली. सासरे शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "सुळे माझे आहेत." त्या माणसाने त्यांच्या तोंडाकडे जरा दचकूनच पाहिलं.

शनिवारी ताईंना काही काम नव्हतं. सकाळी त्यांना ते नीटसं सोसेना. दोनदा उगाच टेबल पुसलं. मग पायरीवर उन्हात बसून त्यांनी वरच्या आजोबांच्या रेडिओवरचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. इतकी वर्षं त्यांनी त्याची खरखरच ऐकली होती. संध्याकाळी नवऱ्याबरोबर त्या नणंदेच्या नव्या घरी गेल्या, रिकाम्या हाताने, नुसत्या बसायला. खुर्च्या अजून बांधलेल्याच होत्या, म्हणून सगळे खोक्यांवर बसले. चहा झाला. नणंद म्हणाली, "वहिनी, किती दिवसांनी तू चहा गरम असताना पितेयस." ताईंनी कपाकडे पाहिलं. खरंच वाफ येत होती.

रविवारी आश्रमाची ती जेवणाची खोली माणसांनी भरून गेली. डॉक्टरीणबाईही आल्या आणि ताईंच्या शेजारी बसल्या. मास्तरांनी पेन्सिल उचलली. पहिल्या ओळीतच 'स' होते, एकापाठोपाठ एक, आणि ते सगळे स्वच्छ, सरळ बाहेर पडले. शिट्टी नाही, फुसफूस नाही. मधल्या एका ओळीत मास्तरांचा ताल चुकला आणि अर्धं मंडळ पुढे गेलं, अर्धं मागे राहिलं. टेलिफोनबाईंनी आपला घंटेसारखा आवाज वर चढवला आणि दोन्ही तुकड्यांना जोडून दिलं, जसे पूर्वी दोन गावांचे फोन जोडून देत असतील. टाळ्या थांबेनात. ताईंना कवळ्या विसरायला झालं. त्या नुसतं गाणं ऐकत होत्या.

परतताना दोघी चालतच निघाल्या. डॉक्टरीणबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताई, मला मराठी शिकवतील? नीट मराठी. पेशंट बोलतात, मी फक्त दात बघते."

ताईंचा 'हो' उडी मारणारच होता. त्यांनी त्याला मधेच धरलं. चार पावलं तशाच चालल्या. मनात आठवडा उघडून पाहिला. काम, घर, बाबांचा दुपारचा चहा, जो आता त्या त्यांच्याबरोबर घ्यायच्या. आणि कुठे जागा आहे ते सापडल्यावर म्हणाल्या, "बुधवारी. संध्याकाळी. फक्त बुधवारी."

"फक्त बुधवारी," डॉक्टरीणबाईंनी घोकलं.

दवाखान्याच्या वळणावर त्या थांबल्या. "ओके. जाते मी."

"जाते म्हणत नाहीत," ताई म्हणाल्या. "निघताना येते म्हणायचं."

"पण मी तर जातेय."

"तरी."

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांना ते पटलं असावं, किंवा नुसतं आवडलं असावं. "येते," त्या म्हणाल्या, आणि हात हलवत निघून गेल्या.